काठीवरची सफरचंदं

लग्न होऊन कांताबाई वरळीच्या बीडीडी चाळीत आल्या आणि वर्षभरात परळच्या एका लिमलेटच्या गोळ्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या. आधी पाकिटं भरायला, मग पाकाच्या कढईवर. कढईवर बाया फार टिकत नसत. धग तोंडावर यायची, हातावर शिंतोडे उडायचे, आणि घरी येऊन अंघोळ केली तरी केसांतून जळक्या साखरेचा वास जायचा नाही. कांताबाई टिकल्या. नवरा, बुधाजी, गोदीत ओझी उचलायचा. पिऊन आला की भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहायचा. मारायचा नाही, तेवढ्यावर त्या त्याला चांगला म्हणायच्या. तो गेला तेव्हा मुलगी संघमित्रा शाळेत होती. पुढे कारखानाही बंद पडला. कढया भंगारात निघाल्या, त्यातली एक लहान, जाड बुडाची कढई कांताबाईंनी मुकादमाकडून मागून घेतली आणि पदराखाली धरून घरी आणली. काय करायचं तिचं, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संघमित्रा शिकली. रक्त तपासायचा कोर्स करून दादरच्या एका लॅबमध्ये लागली. रोज सकाळी बॅग खांद्याला लावून ती शिवाजी पार्कच्या बिल्डिंगींमधून फिरायची, उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं रक्त काढायची. त्यातल्या निम्म्या लोकांना शुगर. शुगर कांताबाईंनाही होतीच, कारखान्यात असल्यापासून. मुलीने हातात गोळी ठेवली तर घ्यायच्या, नाही ठेवली तर राहून जायची. सुई मात्र टोचू द्यायच्या नाहीत. "ती तुझी सुई पार्कातल्या लोकांना टोच," म्हणायच्या, "मी चालते, फिरते, जेवते. मला काय झालंय?"

सफरचंदांचं खूळ संघमित्राच्याच फोनमधून आलं. एका रविवारी ती लोळत व्हिडिओ बघत होती. परदेशातली कोणी बाई काठीला टोचलेलं सफरचंद लाल पाकात बुडवून काढत होती.

"आई, हे बघ. काचेसारखं दिसतंय की नाही?"

कांताबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "पाक पुढे गेलाय तिचा. कडू लागणार."

दुसऱ्या दिवशी त्या नाक्यावरून सफरचंदं घेऊन आल्या आणि माळ्यावरची कढई खाली काढली.

सफरचंद कोमट पाण्यात चोळून धुवायचं, कारण वरचं मेण गेलं नाही तर पाक धरत नाही. मग फडक्याने अगदी कोरडं करायचं आणि देठाच्या जागी बांबूची काडी खुपसायची. कढईत साखर, थोडं पाणी, लिंबाचे थेंब, लाल रंग. एकदा उकळी फुटली की ढवळायचं नाही. पाक झाला की नाही ते बघायला त्या वाटीभर गार पाण्यात थेंब सोडायच्या. थेंब बोटाला चिकटला तर कच्चा, कट्कन तुटला तर झाला. मग कढई तिरकी करून सफरचंद त्यात फिरवायचं, उचलून जास्तीचा पाक ओघळू द्यायचा आणि तूप लावलेल्या ताटात ठेवायचं. निवलं की वर कडक, चकचकीत कवच.

पहिलं ताट गॅलरीतल्या पोरांनी बघता बघता संपवलं. त्यानंतर पोरं रोज दारात. "आजी, आज आहे का? माझं मोठं हां!" आंबेडकर जयंतीला कांताबाईंनी मैदानाच्या कडेला टेबल मांडलं, तेव्हा तर मोठी माणसंही लाल जिभा काढून एकमेकांना दाखवत होती. शेजारची बकुळा म्हणाली, "वैनी, तुमचं नाव आता कोणी घेत नाय. सफरचंदवाली आजीच म्हणतात सगळे." ते ऐकून कांताबाई एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

मग चाळ रिकामी करायची वेळ आली. इमारती पाडल्या, काही काळ भाड्याच्या खोलीत काढला, आणि शेवटी नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर घर मिळालं. दोन खोल्या, स्वतःचा संडास, खिडकीतून समुद्राची एक पट्टी. किल्ली हातात आली त्या दिवशी संघमित्रा बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभी राहून रडली. कांताबाईंना मात्र तिथे दिवस खायला उठायचा. चाळीत दार कधी लागायचंच नाही. इथे प्रत्येकाचं दार लागलेलं, आतून टीव्हीचे आवाज. बकुळा दुसऱ्या विंगमध्ये गेलेली. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आकड्यांकडे बघत उभी राहायची. म्हणून कांताबाई सफरचंदं करायच्या आणि संध्याकाळी ताट घेऊन खाली बाकावर जाऊन बसायच्या. ताट दिसलं की पोरं यायची. पोरांमागून त्यांच्या आया यायच्या, दोन शब्द बोलायच्या. तेवढ्यासाठी त्यांचा सगळा दिवस जायचा.

एका संध्याकाळी बकुळाबरोबर गेटपर्यंत जाऊन त्या परत येत होत्या. लिफ्टपाशी बकुळाने खाली बघितलं.

"वैनी, तुमची एक चप्पल कुठाय?"

उजवा पाय अनवाणी होता. गेटपाशी खडी पसरली होती, तिच्यावरून त्या तशाच चालत आल्या होत्या. बकुळा मागे जाऊन चप्पल घेऊन आली. दोघी खूप हसल्या. रात्री जेवताना कांताबाईंनी ती गंमत मुलीला सांगितली, पण संघमित्राचा घास हातातच राहिला.

"आई, पायाला मुंग्या येतात का गं?"

"मुंग्या कसल्या? काहीच वाटत नाही."

"अगं, तेच विचारतेय मी. रविवारी डॉक्टरकडे जाऊ."

त्या रविवारी लॅबने कुठेतरी तपासणीचं शिबिर ठेवलं. पुढच्या रविवारी मामेबहिणीचं लग्न निघालं. त्यानंतर ते मागे पडलं ते पडलंच.

डिसेंबरात ऑर्डर आली, आणि ती संघमित्रानेच आणली. पार्कातल्या एका घरी ती कालिंदीबाई नावाच्या आजींचं रक्त घ्यायला जायची. त्यांची सून नूपुर मुलाच्या वाढदिवसाची तयारी करत होती. संघमित्राने सहज फोनमधला फोटो दाखवला. "अय्या, हे घरी केलंय?" नूपुर म्हणाली, "आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मुलांना पुरतील इतकी करतील का तुमच्या आई?" संघमित्रा अभिमानाने हो म्हणून आली. कांताबाईंनी तर ती बातमी बकुळाला तीनदा सांगितली. "पार्कात चाललीत माझी सफरचंदं."

वाढदिवसाच्या दिवशी संघमित्रा कामावर गेली आणि कांताबाई गॅसपुढे उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात चप्पल घालायची त्यांना सवय नव्हती. एकामागून एक घाणे निघाले. शेवटच्या घाण्याला एक काडी सैल होती. सफरचंद काडीवरून सुटलं, कढईत पडलं आणि पाक काठावरून उसळला. कांताबाई दचकून मागे सरकल्या. हात उलटेसुलटे करून बघितले. हातांना काही नव्हतं. चिमट्याने सफरचंद काढलं, दुसरी काडी खुपसली आणि उरलेली पुरी केली. दुपारी संघमित्रा टॅक्सी घेऊन आली आणि चकचकीत कागदात बांधलेली सफरचंदं घेऊन गेली. टॅक्सी खाली थांबलेली, ती चपलासुद्धा न काढता आली नि गेली.

मग कांताबाई फरशीवर पडलेला पाक खरवडायला उलथणं घेऊन खाली बसल्या. तेव्हा त्यांना तो दिसला. उजव्या पायाच्या बोटांवर आणि वरच्या बाजूला पाकाचा लाल पापुद्रा बसला होता, सफरचंदावर बसतो तसा, गुळगुळीत. निवल्यावर कुठून तरी पडला असेल असं त्यांना वाटलं. ताटातला पाक काढतात तसं त्यांनी कडेखाली नख घातलं आणि ओढलं. पापुद्रा अखंड निघाला. त्याच्याबरोबर कातडी निघाली. खालचं मांस शिजल्यासारखं पांढरं होतं.

त्या बघत राहिल्या. बोटाने दाबून बघितलं. काही नाही. दुसऱ्या कोणाचा तरी पाय मांडीवर घेऊन बसल्यासारखं.

पहिला विचार आला तो मुलीचा. हिला कळलं की कढई बंद. दुसरा आला तो असा, की दुखत नाही म्हणजे वरवरचंच असणार. कारखान्यात असल्या भाजण्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यांनी हळद भरली, जुन्या साडीची चिंधी गुंडाळली आणि वर मोजे चढवले.

"मोजे कधीपासून?" संघमित्राने विचारलं.

"थंडी वाजते गं फरशीची."

नूपुरच्या घरून कौतुक आलं. नाताळासाठी आणखी कोणाची ऑर्डर आली, कांताबाईंनी तीही केली. पाय जरासा बाजूला टाकत चालायच्या, तेवढंच. मग घरात वास यायला लागला. संघमित्राला वाटलं, मोरीच्या पाइपात उंदीर मेलाय. तिने माणूस बोलावून पाइप साफ करून घेतला. वास गेला नाही. आणि एका सकाळी कांताबाईंना हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या घालूनही दात वाजायचे थांबेनात. तळवे चोळावेत म्हणून संघमित्राने मोजा ओढला. तो निघेना. चिकटला होता.

पाणी लावून लावून तिने तो काढला. मग रोज लोकांच्या शिरा शोधणारी ती पोरगी पलंगापाशी बसून त्या पावलावर नाडी शोधू लागली. बोटं काळी पडली होती.

"कधीचं आहे हे?"

"वाढदिवसाची ऑर्डर केली ना, तेव्हाचं."

"आणि मला सांगितलं नाहीस? आई, मी हेच काम करते गं! हेच बघते रोज!"

"दुखत नव्हतं," कांताबाई म्हणाल्या. "खरंच सांगते, जरासुद्धा दुखत नव्हतं."

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पाय तपासून डॉक्टर म्हणाले, बोटं गेलीत, विष वर चढतंय, गुडघ्याखालून काढावा लागेल. कांताबाईंनी त्यांचा हात धरला. "डॉक्टरसाहेब, मला दुखतच नाही. ज्याचं दुखतं त्याचं कापा ना."

"मावशी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दुखत नाही, हाच तर आजार आहे."

त्या सही करेनात. बकुळाने समजावलं, नर्सने समजावलं. शेवटी संघमित्रा त्यांच्या तोंडाजवळ वाकली. "तू गेलीस तर मी त्या घरात काय करू? दार लावून एकटी बसू?" त्यावर कांताबाईंनी पेन मागितलं.

पण ऑपरेशनला नेताना, वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत असताना, त्या एकदम म्हणाल्या, "रोज लोकांच्या दारात जाऊन विचारतेस, गोळी घेतली का, चक्कर येते का. माझा पाय बघायला तुला एक रविवार मिळाला नाही." संघमित्रा चालता चालता थांबली. बोलून गेल्याबरोबर कांताबाईंना वाटलं, हे परत घ्यावं. मान वळवून त्यांनी मागे बघितलं, पण तोवर मधे दार आलं होतं.

त्या वाक्याबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर संघमित्राने पहिलं काम केलं ते कढई भंगारवाल्याला नेऊन द्यायचं. पिशवीत घालताना ती नळाच्या तोटीवर आपटली. आतल्या खोलीत कांताबाईंनी आवाज ओळखला आणि डोळे मिटून घेतले. आता सकाळी त्या न बोलता बोट पुढे करायच्या, संघमित्रा न बोलता सुई टोचायची, आकडा बघायची आणि कामाला निघायची. दुपारी बकुळा भाकरी घेऊन यायची. खालची पोरं सुरुवातीला एकदोनदा वर आली. चादरीखाली एका बाजूला सपाट दिसणारी जागा बघून ती दारातच घुटमळली, आणि मग यायची बंद झाली.

एका रविवारी दुपारी संघमित्रा कपडे वाळत घालत होती. आतून किंकाळी आली. ती धावली. कांताबाई दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून थरथरत होत्या.

"भाजतंय! पाय भाजतोय माझा!"

"कुठला पाय, आई?"

"उजवा. बोटांवर. पाक सांडल्यासारखा."

"आई, तो पाय—"

"नाहीये, माहीत आहे मला! कापलाय, मला माहीत आहे. पण भाजतोय गं!"

असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. संघमित्राने त्यांनी दिलेली गोळी दिली. गोळीने लगेच काही झालं नाही. कांताबाई रडत होत्या. कातडी निघाली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, ऑपरेशनलाही नाही. आता लहान मुलासारख्या हुंदके देत होत्या.

"तेव्हा का नाही दुखलं? तेव्हा ओरडले असते तर कोणीतरी आलं असतं. टॅक्सी सोडून तू थांबली असतीस."

संघमित्राने फडकं गार पाण्यात बुडवून पिळलं, घडी केली, आणि ते कुठे ठेवावं हे न कळून क्षणभर तशीच उभी राहिली. मग गुडघ्याखालच्या बांधलेल्या टोकाच्या पुढे, चादरीवर, पाऊल असलं असतं तिथे ते ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

कांताबाई तिच्या हाताकडे बघत होत्या. "थोडं वर," त्या म्हणाल्या.

तिने फडकं वर सरकवलं. "इथे?"

"हां. इथे."

ते भाजणं अजूनही येतं, कधी आठवड्याने, कधी लागोपाठ. कांताबाई आता ओरडत नाहीत. मुलगी घरात असली तर तिला हाक मारतात, नसली तर ओठ मिटून पडून राहतात.