मारिगो आणि तिचा मिस्त्री

डिझेलचा भाव वाढला की थ्रासोस मिस्त्री पंपावर जाऊन शिव्या घालून यायचा. पंप चालवायचा त्याचाच मावसभाऊ प्रोकोपिस. तो बिचारा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "थ्रासो, तेलाची विहीर काय माझ्या परसात आहे? वरून जो भाव येतो तो मी फळ्यावर लिहितो. बोलून झालं असेल तर कॉफी घे." मिस्त्री कॉफी घ्यायचा, उरलेल्या शिव्या तिच्याबरोबर गिळायचा आणि उतरून बंदरावर आपल्या शेडमध्ये यायचा. गंमत अशी की त्याला स्वतःला डिझेल लागतच नव्हतं. त्याच्याकडे ना गाडी होती ना मोठी होडी. पण बंदरातल्या निम्म्या लाकडी होड्या त्याच्या हातच्या होत्या आणि त्या आठवडा आठवडा धक्क्याला बांधून पडलेल्या त्याला बघवत नसत.

वय एकाहत्तर. आमच्या सामोस बेटावरच्या पाइनच्या लाकडात हयात गेली. बापाकडून शिकला, आणि बापाने कागदावर कधी रेघ मारली नाही म्हणून यानेही मारली नाही. झाड उभं असतानाच तो त्याच्या वाकड्या फांदीकडे बघून सांगायचा, ही पुढची फासळी, ती मागची. बायको देस्पो आठ वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. शेडच्या वरच्या खोलीत एकटा राहायचा, मसूर शिजवायचा, आणि दुरुस्तीला आलेल्या होडीशी दिवसभर बडबडायचा. "कुठे घासून आलीस बाई? त्या गाढवाला सुकाणू धरता येत नाही का?" लोक हसायचे. त्याला हसण्याचं काही वाटत नसे.

या सगळ्या होड्यांत त्याची लाडकी मारिगो. ती आर्गिरिसची. आर्गिरिसच्या लग्नात साक्षीदार म्हणून वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट थ्रासोसने बदलले होते, तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कुंबारे' म्हणायचे, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचढ. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी थ्रासोसने त्याला नऊ मीटरची होडी बांधून दिली. आर्गिरिसने तिला आईचं नाव दिलं. होडी पाण्यात उतरली त्या दिवशी रिवाजाप्रमाणे आर्गिरिसने मिस्त्रीला कपड्यांसकट समुद्रात ढकललं आणि त्याची नवी टोपी वाहून गेली. त्या टोपीवरून ते दोघं पुढे चाळीस वर्षं भांडत होते.

मग भाव चढायला लागला. लढाई कुठे लांब चालली होती, पण तिचं बिल आमच्या बंदरात येत होतं. मारिगोच्या टाकीत डिझेल ओतायचं, पहाटे निघायचं, दुपारी दोन पेट्या मासे घेऊन यायचं, आणि ते विकून उद्याचं डिझेल भरायचं. "मी मच्छीमार राहिलोच नाही कुंबारे," आर्गिरिस म्हणायचा, "मी कंपनीचा नोकर. पगार नाही, सुट्टी नाही, आणि भिजतो मात्र मी." कॉफीच्या दुकानात टीव्हीवर एक दिवस बातमी आली की डिझेल विकणाऱ्या कंपनीला यंदा आजवरचा सर्वांत मोठा नफा झाला. कोट घातलेला एक गृहस्थ हसत हसत सांगत होता की हे सगळं टीमच्या मेहनतीचं फळ आहे. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "बघा, आपण टीममध्ये होतो आणि आपल्याला पत्ताच नाही." नाताळात त्याच कंपनीने पंपावरून सगळ्यांना कॅलेंडर फुकट वाटलं. विषय होता, आपल्या पारंपरिक लाकडी होड्या. मे महिन्यावर मारिगोचा फोटो होता. निळी पट्टी, पांढरं अंग, मागे सूर्य. आर्गिरिसला कोणी विचारलंही नव्हतं.

कॅलेंडर घेऊन तो मिस्त्रीकडे आला तेव्हा फोटोबद्दल काही बोललाच नाही. नुसता बाकावर बसला आणि म्हणाला, "मी अर्ज भरलाय."

कसला, हे विचारायची गरज नव्हती. समुद्रात मासे कमी, होड्या जास्त, म्हणून वरून एक योजना आली होती. मच्छीमाराने परवाना सरकारजमा करायचा आणि भरपाई घ्यायची. पण एक अट होती. होडी विकायची नाही, कोणाला द्यायची नाही, बागेत शोभेला ठेवायची नाही. अधिकाऱ्यासमोर ती मोडायची. आजूबाजूच्या बंदरांत अशा किती मोडल्या ते मिस्त्रीने ऐकलं होतं आणि जिथे हा विषय निघे तिथून तो उठून जायचा.

आज उठून जायला जागा नव्हती. तो म्हणाला, "मार्चपर्यंत अर्ज मागे घेता येतो ना? मला एवढा हिवाळा दे."

"काय करणार आहेस?"

"तिला डिझेल सोडायला लावतो."

"कुंबारे, ती होडी आहे, दारुडा नाही."

पण मिस्त्रीच्या डोक्यात ते कधीपासून घोळत होतं. वर डोंगराच्या धारेवर सात पवनचक्क्या उभ्या होत्या. वारा आमचा, वीज दुसऱ्यांची, असं गाव चिडून म्हणायचं, आणि चक्क्यांच्या नावाने बोटं मोडायचं. मिस्त्री मात्र संध्याकाळी त्यांच्याकडे बघत बसायचा. कार्लोवासीच्या एका बंद गोदामात सामान उचलायची विजेची गाडी भंगारात निघाली होती. त्याने तिची मोटर आणि बॅटऱ्या आणल्या. शेडच्या छपरावर उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या बसवल्या. आधी आपल्या चार मीटरच्या डुगडुगत्या होडीत मोटर टाकली आणि आर्गिरिसला म्हणाला, "बस."

ते दोघं भूशिरापर्यंत गेले आणि परत आले. थेंबभर तेल लागलं नाही. पण आर्गिरिस चकित झाला तो त्यामुळे नाही. आवाज नव्हता. पन्नास वर्षं तो समुद्रात जात होता आणि पन्नास वर्षं कानात इंजिन धडधडत होतं. आज त्याला पाणी फळ्यांना घासताना ऐकू येत होतं. काठावरच्या शेळीची घंटा ऐकू येत होती. "कुंबारे," तो हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर कोणी रागवेल, "असं असतं होय?"

त्या दिवशी दोघांनी खारवलेल्या सार्डिनबरोबर सूमा, आमची गावठी दारू, प्यायली आणि आर्गिरिसची बायको एव्हान्थिया त्यांना म्हणाली, तुम्ही दोघं शहाणे झालात की जास्तच बिघडलात तेच मला कळत नाही. पण ती हसत होती. बऱ्याच महिन्यांनी हसत होती.

आता मिस्त्रीने जी चूक केली ती आमच्या बंदरातल्या कोणीही केली असती. आमच्याकडे काम आधी आणि कागद नंतर. इंजिन बदललं की सहा महिन्यांनी कधीतरी बंदराच्या अधिकाऱ्याला सांगायचं, तो कपाळाला हात लावायचा, मग एक कागद पुढे सरकवायचा. बापजाद्यांपासून असंच चालत आलं. जानेवारीत मिस्त्रीने मारिगोला उतारावरून वर ओढलं, आर्गिरिसला मदतीला घेतलं आणि तिचं तीस वर्षांचं डिझेल इंजिन उचलून बाहेर ठेवलं. एक महिना खपून मोटर बसवली. बॅटऱ्यांचं वजन मध्यभागी येईल असं तळाला नवं लाकूड जोडलं. इतकं नेटकं काम त्याने गेल्या दहा वर्षांत केलं नव्हतं, हे तो स्वतःच सांगायचा.

मग दोघं इस्त्रीचे शर्ट घालून वाथीला, बेटाच्या मुख्य गावातल्या मासेमारी कचेरीत गेले.

टेबलापलीकडची बाई वाईट नव्हती. तिने फोटो पाहिले, "छान आहे हो" असंही म्हणाली. मग विचारलं, "मोटरचं प्रमाणपत्र?"

"चालते ती. या, दाखवतो," मिस्त्री म्हणाला.

"आजोबा, समुद्रातल्या मोटरचं प्रमाणपत्र लागतं. ही गोदामातली आहे. मासेमारीच्या होडीला मी हिची परवानगी देऊ शकत नाही."

"मग प्रमाणपत्रवाली केवढ्याला?"

तिने आकडा सांगितला. तेवढ्या पैशात दोन मारिगो बांधून झाल्या असत्या. नव्या मोटरींना सरकारी मदत होती, पण आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची आणि मग वाट बघायची. आर्गिरिस म्हणाला, "जाऊ द्या बाई. जुनं इंजिन परत बसवतो. आपलं डिझेल बरं."

बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं. "तुम्ही ते उतरवलंत?"

एकदा उतरवलेलं इंजिन परत बसवायचं तर ते नवं धरतात, आणि नव्याला धुराची परीक्षा. तीस वर्षांचं ते धूड त्या परीक्षेत पास होणं शक्य नव्हतं. उतरवलं नसतं तर कोणी विचारलंही नसतं. कागदावर आता मारिगोला इंजिनच नव्हतं. अशी होडी समुद्रात नेता येत नाही. योजनेतून मोडून मात्र घेता येते, त्यासाठी लागणारे गेल्या दोन वर्षांतले मासेमारीचे दिवस भरले होते. अर्ज मागे घ्यायची मुदत संपायला अकरा दिवस होते.

परतीच्या बसमध्ये मिस्त्री म्हणाला, "मी तुझा घात केला."

"गप रे."

"अजून दोन वर्षं तू रडतखडत चालवली असतीस. मीच तिला—"

"गप म्हटलं ना!" आर्गिरिस इतक्या जोरात ओरडला की चालकाने आरशातून पाहिलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "अर्ज मी भरला होता. तू नाही."

हे खरं होतं. मिस्त्रीला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पुढचे दिवस तो जेवला कमी आणि झोपला त्याहून कमी.

बंदरात होडी ओढायला उतार एकच, मिस्त्रीच्या शेडसमोरचा. तेव्हा मोडायचीही तिथेच. शनिवारी सकाळी दहाला खोदाईचं यंत्र आलं. बंदराचा तरुण अधिकारी हातात कागद आणि फोन घेऊन उभा होता, टप्प्याटप्प्याचे फोटो काढायचे होते. निम्मं गाव जमलं. पंप बंद करून प्रोकोपिसही आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला, कोणाच्या नजरेला नजर न देता. एव्हान्थियाने होडीतली देवाची तसबीर काढून छातीशी धरली होती. मिस्त्री शेडच्या दारात होता. त्याला वर जाऊन खिडकी लावून घ्यायची होती, पण तो दारातच राहिला.

यंत्राच्या पंजाचा पहिला घाव मारिगोच्या बाजूवर बसला आणि घसरला. फळीवर नुसता ओरखडा. दुसरा घाव बसला, होडी कलली आणि परत सरळ झाली. गर्दीत कोणीतरी टाळी वाजवली. "मिस्त्रीचं काम आहे बाबा!" मग बऱ्याच टाळ्या वाजल्या. आर्गिरिस हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, पोराने मोठ्या पहिलवानाला दाद दिली नाही की बाप हसतो तसा.

पण यंत्र थकत नाही. चौथ्या, सातव्या, दहाव्या घावाला टाळ्या थांबल्या. चालक चिडला आणि जमेल तिथून ओढू लागला. एक फळी अर्धी उखडून लोंबायला लागली. कठडा सुटला. तरी कणा शाबूत, फासळ्या शाबूत, होडी तुटेना. लाकूड असा आवाज काढत होतं की लोकांनी मान खाली घातली. वीस मिनिटं झाली. अधिकारी म्हणाला, "जरा जोरात घ्या." आर्गिरिस आता हसत नव्हता. तो दोन्ही हात डोक्यावर धरून उकिडवा बसला होता.

एव्हान्थिया गर्दीतून वाट काढत मिस्त्रीपाशी आली. "थ्रासो," ती म्हणाली, "हाल होताहेत रे तिचे. काहीतरी कर."

मिस्त्री चालायला लागला. यंत्राच्या समोर जाऊन त्याने हात वर केला. चालकाने पंजा थांबवला. म्हातारा आडवा पडून होडी वाचवणार, असं सगळ्यांना वाटलं. अधिकारी पुढे धावला, "आजोबा, बाजूला व्हा, तसं करू नका."

मिस्त्री त्याला वळसा घालून पुढे गेला. तो मारिगोच्या पुढच्या भागापाशी गुडघ्यावर बसला, जिथे नाळ, म्हणजे टोकाचं उभं लाकूड, कण्याला मिळते तिथे हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग शेडमधून लाकूड तासायचा वाकस आणून त्याने तिथली खुंटी तासली आणि ठोकून बाहेर काढली. उठून चालकाला म्हणाला, "इथे मार. सरळ नाही, खालून वर. दोन घाव पुरे."

दोनच लागले. मारिगो मधोमध उघडली, एकही ओरखडा न येता राहिलेल्या आतल्या पिवळ्या लाकडासकट. वास सुटला, पाइनचा, काल कापल्यासारखा. अधिकाऱ्याने फोटो काढला.

आर्गिरिस उठून मिस्त्रीजवळ आला. चाळीस वर्षांत त्याने मिस्त्रीला गाढव म्हटलं होतं, चोर म्हटलं होतं, भर बाजारात त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या. आज त्याने हात हातात घेतला आणि म्हणाला, "उपकार झाले तुझे, थ्रासो." मिस्त्रीला वाटलं, याने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

लोक पांगले. चालक यंत्रातून उतरून टोपी हातात घेऊन शेडच्या दारात आला. मघाचा चिडका माणूस आता ओशाळलेला होता. "मिस्त्री, राग मानू नका. पुढच्या गुरुवारी पलीकडच्या बंदरात तीन आहेत. तुम्ही आलात तर... योजनेतून दिवसाची मजुरी मिळते."

"कोणत्या?"

चालकाने खिशातला कागद काढून नावं वाचली. पहिल्या नावाला मिस्त्रीने मान हलवली, ती त्याची नव्हती. उरलेल्या दोन्ही त्याच्याच हातच्या होत्या. वाकसाला चिकटलेला भुसा तो बराच वेळ अंगठ्याने पुसत राहिला.

"मजुरी नको," तो म्हणाला. "येतो. पण मी येईपर्यंत त्यांना हात लावू नकोस."