रद्द गाडी कधी लेट होत नाही

आमच्या आगाराच्या वाहतूक शाखेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात गावोगावचे अर्ज. गाडी सुरू करा, गाडी बंद करू नका, गाडीची वेळ बदला! अर्ज कधीतरी निकाली निघतात, फाईल बांधून वर जाते. किस्से मात्र आमच्याकडेच साचत जातात. मी तिथला क्लार्क, वेळापत्रकं करणारा. चहाला बसलं की एकातून एक निघतो. आधी हसतो आम्ही. मग कुणीतरी उठून पंखा बंद करतो आणि सगळे टेबलावर परत.

*

शिरूर कासारकडच्या एका गावाचा सर्व्हे होता. गाडीला माणसं किती, ते आठवडाभर मोजायचं. आदेश आला दिवाळीनंतर, तेव्हा मीच गेलो. स्टॉपवर रोज दोन म्हातारे आणि एक शेळी! रिपोर्टात लिहिलं, ‘प्रतिसाद नगण्य.’ गाडी बंद.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऊसतोडीची माणसं गावी परतली आणि थेट आगारात आली. त्यातल्या एका बाईनं मला विचारलं, “साहेब, आमी कारखान्यावर गेलतो, तवाच आमची हजेरी घेतली व्हय?”

मी पाणी प्यायला उठलो.

*

स्टँडवर नवी स्क्रीन लागली, कुठली गाडी कधी येणार ते दाखवणारी. त्याच आठवड्यात सिरसाळ्याची दुपारची फेरी रद्द झाली. ड्रायव्हरच नव्हता. स्क्रीनवर मात्र हिरव्या अक्षरांत ‘वेळेवर’!

एक आजोबा डोळ्याचं ऑपरेशन करून आलेले, एका डोळ्याला पट्टी. स्क्रीन काही दिसेना, म्हणून दर अर्ध्या तासानं चौकशीच्या खिडकीशी. तिथं आमचे सलीमभाई. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, “बाबा, ती गाडी रद्द झाली.”

“मंग त्या स्क्रीनवर वेळेवर लिवलंय असं लोक कामून म्हनतेत?”

“रद्द गाडी कधी लेट होत नाही, बाबा!”

रांगेतले सगळे हसले. आजोबा पण हसले. मग म्हणाले, “हसल्यावर डोळा लई दुखतो रे.”

ड्युटी संपल्यावर सलीमभाईंनीच त्यांना मोटारसायकलवर घरी सोडलं.

*

जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रामीण वाहतुकीची नियोजन बैठक. गाडी नसलेल्या गावांना खास बोलावणं. वेळ सकाळी अकराची.

डोंगरातल्या एका गावच्या सरपंचबाई पहाटे निघाल्या. फाट्यापर्यंत पायी, पुढं दुधाचा टेम्पो, मग जीप. पोचल्या एक वाजता. बैठक उठली होती, कपबशा गोळा करणं चाललं होतं. त्यांनी इतिवृत्त बघायला मागितलं. त्यात लिहिलेलं: ‘सदर गावातून कोणी उपस्थित नाही, सबब मागणी नसावी.’

बाईंनी सही कुठं करायची ते विचारलं. शिपाई म्हणाला, “गैरहजर माणसाला सही नसते, ताई.”

*

तेलगावच्या पुढची एक वस्ती लई हुशार. भारमान कमी, म्हणजे सीटा भरत नाहीत, म्हणून गाडी बंद होणार असं कानावर आलं. वस्तीनं पाळ्या लावल्या! आज वरची आळी, उद्या खालची. काम असो नसो, गाडीत बसायचं, तेलगावला पारावर टेकायचं, परतीच्या गाडीनं घरी. गाडी फुल्ल!

मोठ्या साहेबांना संशय आला. स्वतःच गाडीत चढले. एका मावशीला विचारलं, “काय काम काढलंत तेलगावला?”

मावशीला खोटं बोलता येईना. “काम न्हाई बाबा. गाडी मरू ने म्हणून बसतो आमी.”

साहेबांनी डायरीत लिहिलं, ‘अनावश्यक प्रवास.’

पुढच्या महिन्यात गाडी बंद. मावशी मला बाजारात भेटली. “माझ्या तोंडानं गेली का रं गाडी? वस्ती बोलंना झालीय माझ्याशी.”

मी नाही म्हणालो. तिला पटलं नाही.

*

एका वस्तीवरच्या सात मुलींचा अर्ज होता. शाळा साडेदहाची आणि गाडी साडेअकराची. वेळ बदला, एवढंच मागणं. पहिली सही मनीषाची, आठवीतली. अर्ज घेऊन आगारात तीच आली होती.

“काका, आई पायी जाऊ देत न्हाई. जरा लवकर करा.”

मी म्हणालो, “करतो.”

फाईल आमच्याकडून विभागात गेली, तिथून समितीत, तिथून शेरा घेऊन परत. मी दर सोमवारी विचारायचो. मंजुरी आली तेव्हा दोन उन्हाळे उलटून गेले होते.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्या गाडीत बसलो. वस्तीवर एकच बाई चढली. गळ्यात मंगळसूत्र, कडेवर तान्हं लेकरू. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं.

“काका, मी मनीषा. माहेरी आलेय.”

कंडक्टरनं विचारलं, “कुठं?”

“शाळा.”

गाडी शाळेच्या फाटकासमोर थांबली. आत प्रार्थना चालू होती. मनीषा जागची हलली नाही, खिडकीतून बघत राहिली.

“ताई, उतरा. शाळा आली,” कंडक्टर म्हणाला.

तिनं लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

“दिसली,” म्हणाली. “चला आता माघारी.”