बेदाण्याच्या टेम्पोतून सातारा, आडवा

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. पण एक अट, हसायचं ते शेवटी हसा. कारण ही फजिती सांगताना मी अजूनही एका जागी बसू शकत नाही, आणि त्यात तुम्ही मधेच हसलात की मी उठून फेऱ्या मारायला लागतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत मी फिजिओथेरपी शिकत होतो. परीक्षा झालेली, इंटर्नशिप चालू. दिवसभर लोकांच्या माना आणि कंबरा हलवायच्या आणि संध्याकाळी फौजदारकीचा अभ्यास. दोन्ही एकदम कशाला, म्हणाल? अहो, पदवी आईला हवी होती आणि फौजदार वडलांना! वडील फलटणकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मी लेखी परीक्षा पास झालो त्या दिवशी त्यांनी गावभर पेढे वाटले. लोक मला दारातच विचारायला लागले, "फौजदार, कवा रुजू व्हनार?"

अहो, शारीरिक चाचणी राहिली होती अजून! छाती भरत होती, धावणं जमत होतं. अडलं होतं फक्त उंचीपाशी. सकाळी उठल्या उठल्या मोजली तर मी नियमात बसायचो. जेवणाच्या वेळी मोजली की अर्धा सेंटिमीटर कमी!

माझा रूममेट संपत म्हणाला, "गड्या, तू दिवसा आटतोस."

आटत नव्हतो हो, त्यामागं शास्त्र होतं! आम्हाला शिकवलंच होतं. मणक्यांच्या मधे मऊ चकत्या असतात. रात्रभर आडवं पडलं की त्या फुगतात, दिवसभर उभं राहिलं की दबतात. सगळ्यांचंच होतं, तुमचंही. फक्त तुमच्या अर्ध्या सेंटिमीटरवर कुणाची फौजदारकी अडलेली नाही.

आणि बोलावणं कितीचं? दुपारी दोनचं! साताऱ्याला!

मी संपतला म्हणालो, "मी सकाळी उठणारच नाही. असाच आडवा साताऱ्याला जाणार."

"एसटीत? चार सीटं अडवून? कंडक्टर खिडकीतनं फेकंल तुला."

पण उपाय संपतच्याच घरात निघाला. त्याचे मामा, सदाअण्णा, तासगावचा बेदाणा टेम्पोनं पुण्याला न्यायचे. सातारा वाटेवरच. ठरलं! सकाळी दोघांनी मला कॉटच्या फळीसकट उचललं आणि बेदाण्याच्या पेट्यांवर ठेवलं.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पाच मिनिटं गप्प पडून राहणं म्हणजे मला शिक्षा. संपतलाही ते ठाऊक. त्यानं कॉलेजातली बँडेजं आणली आणि छाती, हात, पाय, सगळं फळीला घट्ट बांधून टाकलं. वर बेदाण्यावरच्या माश्या तोंडावर बसायला लागल्या म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर.

आता तुम्हीच सांगा. उघडा टेम्पो, त्यात फळी, फळीला बांधलेला माणूस, वर पांढरी चादर. रस्त्यावरच्या लोकांनी काय समजायचं?

इस्लामपुरात दोघा-तिघांनी हात जोडले म्हणे. मला काय दिसतंय? चादरीखाली मी नुसता तळमळत होतो. डावा गुडघा खाजतोय, उजवा खांदा दुखतोय, आणि वाजले किती ते कळत नाही.

कराडजवळ मलकापूरला सदाअण्णांनी टेम्पो थांबवला. दोघं चहाला गेले आणि मला विसरले. हळूहळू भोवती माणसं जमली. एक म्हातारा हळहळला, "आरारारा! तरणाताठा गडी दिसतोय. उंची तर बगा केवढी!"

उंची केवढी! वर्षभरात मला हे कुणी म्हणालं नव्हतं हो. मला राहवलंच नाही. मी चादरीखालून म्हणालो, "खरंच का वो आजोबा?"

पुढचं मी फक्त ऐकलं. एक किंकाळी, एक सायकल पडली, आणि मलकापूर शांत झालं.

मग बुटांचा आवाज. चादर ओढली गेली आणि समोर एक हवालदार.

"कोन रं तू? ऊठ!"

"उठता येत नाही, साहेब. दोन वाजेपर्यंत."

"का?"

"मणक्यातल्या चकत्या दबतील."

झालं! हवालदार नुकतेच प्रथमोपचाराच्या शिबिरातून आलेले. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ओरडले, "कुनी हात लावू नका! मनक्याची केस हाय! हलवला तर जल्माचा अधू व्हईल!"

संपत चहाचा ग्लास घेऊन धावत आला. "आवं, त्याला कायबी झालेलं न्हाई—"

"तू गप. तू काय डॉक्टर हायस? कुटं निघालाय ह्येला घिऊन?"

"पोलीस मैदानावर, साताऱ्याला."

"दवाखाना सोडून मैदानावर? ह्येच्या संगं तुजं बी डोकं तपासाया पायजे!" मग जरा विचार करून म्हणाले, "पर मैदानावर आज डॉक्टर बसल्यात. माजी बी ड्यूटी तितंच हाय. चला, मी येतो."

मला खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं की! पण मी म्हटलं, पोलीसच सोबत आहे तर वाटेत कुणी अडवणार नाही. बघा माझी अक्कल!

हवालदार माझ्या उशाशी पेटीवर बसले आणि माझं डोकं दोन्ही हातांत गच्च धरून ठेवलं, जराही हलू नये म्हणून. उंब्रजला माझं नाक खाजायला लागलं. तेही त्यांनीच खाजवलं.

"लय कळा येत्यात का, बाळा?"

"न्हाई हो. वाजले किती?"

"आता वेळ नगं बगूस. देवाचं नाव घे."

मैदानावर पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. हवालदारांनी रांगेतली चार उमेदवार पोरं बोलावली, फळी त्यांच्या खांद्यावर दिली आणि मला थेट साहेबांच्या टेबलासमोर नेऊन उतरवलं. काडकन सलाम ठोकला.

"सर, मनक्याची केस! मलकापूरपास्नं हालू दिलेला न्हाई."

साहेब शांत माणूस. त्यांनी हातातल्या यादीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "याला इथं का आणलंय?"

"सर, मी उमेदवार आहे!" मी फळीवरूनच ओरडलो.

डॉक्टर पेन उघडून पुढं झाले. मणक्याचा आजार असं एकदा लिहिलं गेलं की संपलं! माझा धीर सुटला. संपतनं बँडेजं सोडली आणि मी ताडकन उभा राहिलो.

"आजार नाही, सर! शास्त्र आहे!"

आणि मी सुरू झालो. सकाळपासून हातपाय बांधून, तोंड आवरून पडलेला माणूस मी, सगळं एकदम सुटलं! चकत्या कशा, पाणी कसं शोषतात, वजन कसं पडतं. बोटांनी मणके करून दाखवले. टेबलाभोवती फिरलो. डॉक्टर बघत राहिले. हवालदार तर तोंड उघडं टाकून ऐकत होते.

साहेबांनी मान डोलावली. "म्हणजे उभं राहिलं की दबतात?"

"लगेच सुरुवात होते, सर!"

"आणि पळापळ, उड्या?"

"मग तर विचारूच नका! हे बघा, असा जोर येतो!" आणि मी उड्या मारून दाखवल्या. एक नाही, चांगल्या सात-आठ. दोरीपलीकडून संपत दोन्ही हात खाली दाबून खुणा करत होता. मला वाटलं, गडी शाबासकी देतोय.

साहेब म्हणाले, "विषय पक्का आहे तुझा. ये, आता पट्टीखाली उभा राहा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

श्वास ओढला, मान ताणली, टाचा जमिनीला टेकवून जेवढा लांबता येईल तेवढा लांबलो. डोक्यावर लाकडी पट्टी टेकली. हवालदार वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"अर्धा शेंटिमीटर कमी, सर." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि साहेबांना अगदी काकुळतीनं म्हणाले, "सर, फळीवरनं उतरला तवाच मोजला आसता तर बसला आसता वो पोरगा."

"मी त्याचीच वाट बघत होतो," साहेब म्हणाले. "पण हा थांबेल तर ना!"

हसा आता. अर्धा सेंटिमीटर देवानं कमी दिला म्हणून वर्षभर बोंबलत होतो मी. आणि मिळाला, तर बोलून संपवला!