डॅशबोर्डवरच्या चपला

सुरगाण्याहून नाशिकला घरी जाताना दर शनिवारी मी एकाच ड्रायव्हरच्या जीपमध्ये बसतो. गाडी गच्च भरल्याशिवाय तो हलत नाही. कुणी कुरकुरलं की म्हणतो, "घाई असंल तर चालत निघा, वाटेत घेतो तुम्हाला."

एकदा कळा सुरू झालेली एक बाई आली. तिथल्या दवाखान्याने तिला नाशिकला न्यायला सांगितलं होतं आणि ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. जीप अर्धी रिकामी होती, तरी हा लगेच निघाला. एरवी वळणावर आम्हाला एकमेकांच्या अंगावर फेकणारा माणूस त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत हळू गाडी चालवत होता. हॉस्पिटलच्या दारात तिला उचलून आत नेलं, पण तिच्या चपला जीपमध्येच राहिल्या.

पुढच्या शनिवारी त्या डॅशबोर्डवर देवीच्या फोटोशेजारी दिसल्या.

"देवीजवळ चपला?" मी म्हणालो.

"खाली कुणाच्या पायात गेल्या तर? येईल ती घ्यायला."

त्यानंतर कितीतरी शनिवार चपला तिथेच होत्या. मी विचारायचं टाळायचो आणि तोही त्यांच्याकडे बघायचा नाही.

काल ती जागा रिकामी होती. मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "घेऊन गेली. कडेवर पोरगी हाय. लय रडकी."

"मग आज लवकर निघू या."

"गाडी कुठं भरलीय अजून?"