तांदळात लिहिलेलं नाव

सांगलीच्या कॉलेजात आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सात जण होतो, त्यात मुली दोन. बाकीच्यांना दुसऱ्या विषयाला जागा मिळाली नव्हती. हट्टानं हा विषय घेतलेले दोघंच, मी आणि पुढे माझा नवरा झालेला तो. सरांनी एकदा विचारलं, बैलगाडीचं चाक बदललं, मग आख बदलला, मग जू, असं करत सगळी गाडीच बदलली, तर तिला तीच गाडी म्हणायचं का? हा उठून म्हणाला, "गाडीचं गाडीवाला ठरवेल, सर. माणसाचं तसं नाही. माणूस स्वतःला 'मी' म्हणतो. तो कोण, हे दुसऱ्यानं ठरवायचं नसतं." रहिमतपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगात चुरगळलेला सदरा, आणि बोलणं हे असं! मी भाळले. आजही कबूल करते, त्या एका वाक्यावर भाळले.

जात एक, पत्रिकाही जुळली, त्यामुळे आमच्या प्रेमाला विरोध करायची कुणाला संधीच मिळाली नाही. लग्नाआधी मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली, माझं नाव बदलायचं नाही. बारशाला आत्याबाईंचं काही न ऐकता वडिलांनी स्वतः निवडलेलं नाव होतं ते, आणि मला ते फार आवडायचं. तो हसला. "तू काय आमची म्हैस आहेस, दावणीला बांधली की नवीन नाव?"

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा आमचं लग्न झालं. रहिमतपूरला माप ओलांडून आत गेले. देवापुढं पाट मांडलेले, ताटात तांदूळ पसरलेले. रीत अशी, की नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं आणि मग ते सगळ्यांना सांगून साखर वाटायची. मी निवांत होते, मला शब्द मिळालेला होता. त्यानं अंगठी घेतली, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि सासूबाईंनी ठरवलेलं नाव लिहिलं. अक्षर सुरेख. कुठं काना-मात्रा चुकली नाही. बायका नव्या नावानं हाक मारत माझ्या हातावर साखर ठेवत होत्या, आणि मला ती त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटत होती. फेकली नाही. खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर म्हणतो कसा, "अगं, आईचं मन मोडवेना. आणि नाव हे बाहेरचं असतं. आतली तू तीच आहेस ना?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोघांनी एका बाकावर शिकलेलं त्यानं सोईनं वळवून माझ्याच अंगावर घातलं होतं. मला फसवल्यासारखं वाटत होतं असं नाही, मला फसवलंच होतं. मी भांडले, अबोला धरला. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि नव्या नावानं जेवायला हाक मारायचा.

पुढं साताऱ्याला शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज घेऊन गेले, तर पदवीवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. कारकून म्हणाला, "ह्या दोघी एकच, हे कशावरनं?"

"मी सांगते ना," मी म्हटलं.

"बाई, तुमी सांगून कसं चालंल? मालकास्नी घेऊन या."

मालक आले, त्यांनी सही केली, आणि मी मीच आहे हे सिद्ध झालं. जागा मिळाली, पण त्या सहीचा राग मला तांदळाच्या ताटापेक्षा जास्त आला.

लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हा मिरजेला माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. नवरी जतकडची, उंच, अबोल. ताट मांडलं आणि आई माझ्याकडं वळली. "तू शिकल्याली हायस, तूच सांग, नाव काय ठिवायचं?" मला विचार करायला क्षणही लागला नाही. मी माझं माहेरचं नाव सांगितलं. सासरी ते कुणी वापरत नव्हतं, माहेरी मी सणावारालाच यायचे, आणि निदान ह्या घरात ती हाक रोज ऐकू यावी, एवढंच माझ्या मनात होतं. आईचे डोळे भरून आले. भावानं नाव लिहिलं. "ह्या तुझ्या नणंदेचंच हुतं की गं ते," असं मावशीनं नवरीच्या कानात सांगितलेलं मला ऐकू आलं. साखर मीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वयंपाकघरातून त्या नावानं हाक मारली. मी सवयीनं उठले. नवी सून बसूनच राहिली. ती हाक आपल्याला आहे, हे तिला कळलंच नाही.

"अगं, तुला बोलावतात," मी म्हटलं.

ती उठली. पदर सारखा केला, आणि जाता जाता माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बाकीच्यांचं सोडा, वन्सं. तुमी तरी मला इचारायचं व्हतं."