बेंजोची चावी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, पोरांजवळ नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही दुसरंच मागितलं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते ती माझ्यात नव्हती — अजूनही नाही.

मी चौथी शिकलेली बाई, माहेर भंडाऱ्याकडचं. लग्न होऊन भिलाईला आले, सेक्टर सहाच्या क्वार्टरात, आणि इथंच म्हातारी झाले. माझं तोंड फटकळ, पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणतात. मग हे एवढं कसं राहिलं?

बेंजो तुम्ही पाहिला असेल. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटनं. डाव्या हातानं बटन दाबायचं, उजव्या हातातल्या पत्तीनं तार छेडायची. आता गणपतीत, दुर्गेत पोरं वाजवतात — भोंगा लावून, मालगाडी सुटल्यासारखी. तसला बेंजो नाही. मी सांगते तो माझ्या जावेचा, शेवंताचा.

शेवंताचा बाप आमच्याच भागातला. दंडारीत, म्हणजे आमच्याकडे गावात नाचगाणं उभं राहतं त्यात, तो तुणतुणं वाजवायचा. पुढं कुठून तरी बेंजो हाती आला, पण हात तुणतुण्याचाच राहिला. गाण्याची ओळ वाजवता वाजवता खालची एकसुरी तार तो मधेमधे छेडत राहायचा. टुण — टुण — गाणं कुठंही जावो, ती तार आपली जागेवर. ऐकणाऱ्याला वाटे, दोघं बसलेत वाजवायला. आणि बटन दाबल्यावर बोट उचलायचा नाही, तिथंच जरासं रेटायचा. सूर वाकायचा. रडून आलेल्या माणसाचा आवाज असतो ना, तसा. मुलगा नव्हता, म्हणून त्यानं हे मुलीला शिकवलं. शेवंता पत्ती जुन्या कंगव्याची कापून घ्यायची. बाजारातली तिला चालायची नाही.

माझ्या दिराचं भिलाईजवळच्या उतईला सायकलचं दुकान होतं. दर गुरुवारी तो तिला सायकलवर मागं बसवून आमच्याकडं आणून सोडायचा, बेंजो तिच्या मांडीवर. संध्याकाळी आमच्या बायकांचं भजन असायचं. गाणारी मी. आधी मीच सगळं होते. मग ती आली आणि बायका दारातूनच विचारायला लागल्या — शेवंता आली का? छत्तीसगढी शेजारणी माझ्या भजनाला कधी आल्या नव्हत्या, त्या भिंतीशी येऊन बसायला लागल्या.

आमचे हे पोलादाच्या प्लांटातून यायचे. यांनी कधी भाजीला बरी म्हटलं नाही, मला तर नाहीच. पण ती वाजवत असली की पायरीवर बसायचे, एक बूट काढलेला, दुसरा तसाच पायात. भजन संपेपर्यंत तो बूट काढायचं यांना सुचायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? नाही, एवढ्यावरून नाही. आहे ते सांगते.

माझा आवाज तेव्हा फाटायला लागला होता. वरच्या सुराला गेले की घसरायचा. कोणाला कळलं नाही. का कळलं नाही? कारण मी घसरले की शेवंता नेमकं तिथं बटन रेटायची. तिचा सूर माझ्यासोबत वाकायचा, आणि बायकांना वाटायचं, वा, बाईंनी काय हरकत घेतली. भजनाआधी ती चावी हातात घेऊन विचारायची, "बाई, आज किती उतरवू?" तारा पिळायची लोखंडी चावी असते, बोटाएवढी, त्या चावीनं ती तारा माझ्या गळ्याला लावून घ्यायची. दर महिन्याला थोडं खाली. कोणाला बोलली नाही. मलाही बोलून दाखवलं नाही.

तिनं माझं झाकलं. आणि मला तेच सोसलं नाही. चार जणींत मला नावं ठेवली असती तर मी तिला माफ केलं असतं, असं वाटतं. खरंच केलं असतं का? काय माहीत.

मग दीर काविळीनं गेला. आम्ही शेवंताला आणि तिच्या पोराला आमच्या क्वार्टरात आणलं. एक ट्रंक आणि बेंजो.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाजवणाऱ्याच्या घरी मौत झाली की वाद्याच्या तारा ढिल्या करतात, धुतल्या कपड्यात बांधून ठेवतात, आणि चावी घरातल्या मोठ्या बाईजवळ देतात. वर्षभर सूर काढायचा नाही. वर्षश्राद्ध झालं की त्या मोठ्या बाईनं वाजवणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवायचा, चावी ठेवायची आणि म्हणायचं — घे, घर बोलतं कर. मग पहिली तार पिळायची. चावी मागायची मात्र नसते. जो मागेल तो गेलेल्या माणसाला विसरला, असं धरतात.

घरात मोठी मी. चावी माझ्या कमरेच्या जुडग्यात, कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्यांसोबत.

वर्ष सरलं. श्राद्ध झालं, पंगत उठली, पाहुणे गेले. शेवंतानं भांडी घासली, हात धुतले, धुतलेलं लुगडं नेसली. ट्रंकेतून बेंजो काढून बाहेरच्या खोलीत आणला, पुढ्यात ठेवला आणि बसली. बांधलेल्या कपड्याला हात लावला नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही, नुसती बसून राहिली. गूळ मी सकाळीच काढून ठेवला होता, वाटीत.

मी स्वयंपाकघरात उभी होते. वाटी हातात. काय विचार केला म्हणता? काहीच नाही. विचार केला असता तर दिली असती.

मी चहा ठेवला आणि तो गूळ चहात टाकला. कप नेऊन तिच्यापुढं ठेवला.

तिनं कपात पाहिलं. चहा आम्ही साखरेचा पितो, तिला चव कळली असणार. पूर्ण प्यायली. कप धुतला. बेंजो उचलून परत ट्रंकेत ठेवला.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी देता आली असती. वर्षभर भजनाला शेवंताच्या जागी एक पेटीवाली, हार्मोनियम वाजवणारी, धरली होती. पुढच्या गुरुवारी भजनातली कुंदाबाई आलीच विचारायला. ती दाराबाहेरूनच सुरू व्हायची.

"काहो बाई, शेवंता येते ना आता? वर्ष झालं न. ते पेटीवाली आमचा जीव खाऊन राहिली. म्हशीचं दूध काढल्यावानी पेटी दाबते."

मी हसले. आणि म्हटलं, "नाही हो, आता नाही वाजवत ते. मनच उडालं तिचं."

"अरेरे. नवऱ्यावर जीव होता बापा."

"होता न."

शेवंता आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. मधे नुसता पडदा. सुपाचा आवाज थांबला — थोडा वेळ — मग परत सुरू झाला.

ती बाहेर येऊन म्हणू शकली असती, बाई खोटं बोलतात. म्हणाली नाही. आमच्या घरात राहत होती, आमचं खात होती म्हणून? की मला चार जणींत उघडं पाडायचं नव्हतं म्हणून — जसा माझा आवाज कधी उघडा पाडला नाही तसं? मी दोन्हीचा विचार केला आहे. दुसरं जास्त खरं वाटतं. तेच जड जातं.

मग ती गोष्ट आपली आपण चालू लागली. यांनी एकदा विचारलं, मी तेच सांगितलं. हे बरं म्हणाले. त्यानंतर घरी आल्यावर दोन्ही बूट दारातच काढायला लागले. नवरा गेला आणि बिचारीनं बेंजो सोडला, असं सगळा सेक्टर म्हणायला लागला. बायका तिचं कौतुक करायच्या, डोळे पुसायच्या. ती मान खाली घालून ऐकायची. माझं गाणंही त्याच वर्षी सुटलं. ती पेटी माझ्यासाठी कुठं वाकणार होती?

शेवंता माझ्याशी कधी वाईट वागली नाही. एकदाही नाही. भांडलो आम्ही, पुष्कळ भांडलो — मिठावरून, नळावरून, पोरांवरून. मला म्हणायची, "बाई, तुमच्या जिभेले हाड बी नाही अन् लगाम बी नाही." त्या एका गोष्टीवरून मात्र नाही. आणि रोज घरभर माझा जुडगा वाजत होता. मी उठले की छन्, बसले की छन्. तिला ऐकू येत नव्हतं का?

मागच्या थंडीत ती गेली. तिच्या मुलानं आता स्वतःचं घर घेतलं आहे. सामान न्यायला त्याची बायको आली होती. पोरगी चांगली आहे, मराठी धड येत नाही पण बोलते माझ्याशी. ट्रंक उघडून म्हणाली, "मोठ्या आई, सासूबाईनं हे काहून सोडलं होतं हो? ये तो बोलते हैं, बाबा गेले म्हणून मन उडालं त्यायचं."

मी म्हटलं, "हो."

म्हणजे बघा. ती जिवंत नाही, हे नाहीत, कुंदाबाई नाही. आता मला कोण काय करणार होतं? तरी मी हो म्हटलं. बेंजो ती घेऊन गेली. चावी मी दिली नाही. तिला चावी असते हेच माहीत नाही.

आणखी एक आहे. ते सांगितलं की झालं.

माझा गुडघा गेला होता त्या वर्षी मी महिनोन्महिने पलंगावर होते. दुपारी शेवंता पायथ्याशी बसून माझ्या पायाला तेल लावायची. एका दुपारी तिला वाटलं, मला झोप लागली. तिचे हात हळू झाले. डाव्या हाताची बोटं माझ्या गुडघ्यावर एकेक करून पडायला लागली, आणि उजव्या हाताचा अंगठा नडगीवर, मधेमधे, एकाच जागी. टुण — टुण. मग एक बोट थांबलं, आणि तिथंच जरासं रेटलं.

भजन मी लगेच ओळखलं. माझंच होतं. जिथं माझा आवाज घसरायचा, तीच जागा होती.

मी जागी होते. जुडगा उशाखाली होता, हात घातला असता तर लागला असता. मी डोळे मिटून पडून राहिले, आणि तिनं ते पूर्ण वाजवलं.