चरायला सोडलेले तंबू

लोणावळ्यातल्या रिसॉर्टवरची माझी नोकरी सुटली, तेव्हा मी दोन महिने घरी बसले आणि आईला भाजी कशी चिरावी हे शिकवलं. शेवटी तिनेच वैतागून बेरोजगारांना धंद्यासाठी कर्ज आणि अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेची माहिती काढली. पवनानगरजवळ धरणाच्या पाण्याला लागून आमचा एक तुकडा आहे. तिथे तंबू लावायचे, शहरातल्या लोकांना झोपवायचं आणि सकाळी पोहे खाऊ घालायचे, असा माझा बेत.

माझे वडील, आबा, तिथे शेळ्या चारतात. बेत ऐकून म्हणाले, "घरदार सोडून मानसं कापडात कशापायी झोपत्याल?" मग त्यांनी अट घातली. कर्ज मंजूर झालं तर जागा माझी. नाहीतर पुण्याची एक पार्टी भाड्याने मागत होती, तिला देणार. अशी पार्टी एकदा आत शिरली की बाहेर निघत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

अर्जाबरोबर प्रकल्प अहवाल लागतो. वडगावात कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तो तयार मिळतो. त्याच्याकडे मूळ अहवाल एकच, शेळीपालनाचा. गिऱ्हाईक येईल तसा तो कॉम्प्युटरवर शेळी काढून नवा धंदा घालतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अहवाल चांगला जाड झालाय एवढं पाहून मी सही ठोकली.

पुण्यात मुलाखतीला समोर तिघे बसले होते. मधल्या मॅडमनी चष्मा पुसला आणि वाचलं, "तंबूंना दिवसातून दोनदा मोकळ्या रानात चरायला सोडण्यात येईल. प्रत्येक तंबूपासून वर्षाला दोन पिल्ले अपेक्षित."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण ती पुण्याची पार्टी डोळ्यांपुढे आली आणि माझं तोंड सुटलं. "मॅडम, दोन जरा जास्तच धरलीत. पहिल्या वर्षी एकच धरा."

बाजूचे दोघे पोट धरून हसले. मॅडमनी अहवाल मिटला. "आता तुमच्या तोंडाने सांगा." मग मी सांगितलं. पावसाळ्यात धरणावरचं वारं तंबू टिकू देत नाही, म्हणून धंदा दिवाळीपासून. पोरींचे गट यायला हवेत, म्हणून तंबूंच्या आधी संडास. महिन्याभराने मंजुरी आली.

घरी मी तो अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. आबा हसले नाहीत. "पुना वाच," एवढंच म्हणाले.

थंडीत सहा तंबू उभे राहिले, तरी आबा तिकडे फिरकेनात. मला ते फार लागलं होतं. अनुदान पक्कं करायला त्याच मॅडम पाहणीला आल्या, त्या सकाळी मात्र ते आधीच तिथे येऊन बसले होते. पाच तंबू पाहून झाले. सहाव्याची चेन उघडली तर आत वाळल्या गवतावर आमची शेळी, आणि तिला बिलगून दोन ओली पिल्लं.

"आबा, हिला हितं कुणी आणली?"

"मीच. राती व्यायला झालती. बाहीर लय गार, कापडात ऊब ऱ्हाती." मग ते मॅडमकडे वळले. "पोरीनं लिवल्यापरमानं दोन हायती. मोजून घ्या."

मॅडमनी वाकून खरंच मोजली.